तीन अँटिबायोटिक का बदलली? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : न्यूमोनियाची कारणं म्हणून मी आधीच्या लेखात जिवाणू, विषाणू, बुरशी अशी जंत्री दिली, पण तुमच्या वडिलांना आठवड्यात तीन अँटिबायोटिक बदलून दिली, थुंकीत काही सापडलं नाही, म्हणजे सगळा कारभार अंदाजपंचे दाहोदरसे. शिवाय भिजल्याने न्यूमोनिया होत नाही असं मी लिहिलं आणि वडील तर भिजल्यावरच आजारी पडले.

जंत्रीबद्दलचा राग मान्य. शाळेच्या गाइडसारखंच झालं होतं ते.

अंदाजाचंही खरं आहे, फक्त तो आंधळा नसतो. न्यूमोनिया हे फुप्फुसाच्या अवस्थेचं नाव. हवेच्या बारीक पिशव्यांत पाणी-पू साचला एवढंच ते सांगतं. कोणी साचवला, ते नाही. एक्स-रेवरच्या पांढऱ्या डागावरूनही ते खात्रीने कळत नाही. २०१० ते २०१२ या काळात अमेरिकेत शिकागो आणि नॅशव्हिलच्या पाच रुग्णालयांत न्यूमोनियाच्या सव्वादोन हजार प्रौढ रुग्णांच्या कसून तपासण्या झाल्या, तरी जंतू सापडला तो ३८ टक्के लोकांत. त्यातही विषाणू जास्त, जिवाणू कमी. आपल्याकडे तर पेशंट येतो तेव्हा कोपऱ्यावरच्या मेडिकलमधल्या गोळ्या दोन दिवस पोटात गेलेल्या असतात, आणि थुंकी तपासायच्या डबीत बेडक्याऐवजी नुसती लाळ असते. त्यात काय उगवणार?

आता औषध बदलण्याचं. अमॉक्सिसिलिनच्या कुळातली औषधं जिवाणूच्या पेशीभिंतीवर घाव घालतात. न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या नेहमीच्या जिवाणूला ती सहसा लागू पडतात. मायकोप्लाझ्मा या दुसऱ्या जिवाणूला मुळात भिंतच नाही, मग घाव कुठे घालणार? लिजिओनेला हा तिसरा जिवाणू तर आपल्याच पेशींत दडून बसतो, तिथे ही औषधं नीट पोचत नाहीत. १९७६ साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन झालं आणि त्यानंतर माणसं पटापट न्यूमोनियाने दगावली. त्यामागचा हा लिजिओनेला हाती लागायला पुढचं वर्ष उजाडलं. म्हणून दोन-तीन दिवसांत उतार नसेल तर दुसऱ्या जातीचं औषध जोडतात किंवा बदलतात.

भिजण्याबद्दल मी फटकन लिहून गेलो. पावसाच्या पाण्यातून न्यूमोनिया येत नाही, हे कायम. पण न्यूमोकॉकस धडधाकट माणसाच्याही नाका-घशात मुक्कामाला असू शकतो. आधी फ्लूसारखा विषाणू श्वासनलिकेचं अस्तर खरवडतो, मग हा खाली उतरतो. १९१८ च्या फ्लूच्या साथीत बहुतेक बळी असेच गेले. पावसाळ्यात फ्लू असतोच. त्यामुळे भिजणं आणि आजार मागोमाग आले, तर घरच्यांनी एकाला दुसऱ्याचं कारण मानणं साहजिक आहे.

काही वेळा कारण जंतूपेक्षा ताटलीत सापडतं. अर्धांगवायू झालेले एक आजोबा चार महिन्यांत तिसऱ्यांदा न्यूमोनिया घेऊन आले. सुनेला विचारलं, जेवण कसं भरवता? ती म्हणाली, "झोपूनच, पातळ पेज, चमच्याने." प्रत्येक घोटाला ठसका, म्हणजे थोडी पेज श्वासनलिकेत. पाठीला उशा लावून बसवायला आणि पेज दाट करायला सांगितलं, तेव्हा कुठे फेऱ्या थांबल्या. (कबुतरांमुळे होणाऱ्या खोकल्याबद्दलही बरेच जण विचारतात. तो बहुधा अ‍ॅलर्जीचा न्यूमोनायटिस, म्हणजे जंतूविना फुप्फुसाला आलेली सूज, तिथे अँटिबायोटिकचं काम नाही.)

तुमच्या एका मुद्द्यावर मात्र मी तुमच्या बाजूचा आहे. तिसरं औषध लिव्होफ्लॉक्सासिन होतं, असं तुम्ही लिहिलंय. ते क्षयाच्या जंतूलाही तात्पुरतं दाबतं, ताप उतरतो आणि निदान लांबतं. ते सुरू करण्याआधी वडिलांच्या बेडक्याची सीबीनॅट, म्हणजे क्षयाचा जंतू शोधणारी तपासणी झाली होती का? कागदांत पाहा. नसेल झाली आणि खोकला अजून असेल, तर सकाळचा पहिला बेडका, लाळ नव्हे, सरकारी दवाखान्यात नेऊन द्या. तिथे ही तपासणी फुकट होते. काय निघालं ते इथे कळवाल?