जेडचं रोप सडकं दिलेलं नव्हतं, ताई

नमस्कार ताई. आमच्या नर्सरीला एक स्टार देऊन तुम्ही लिहिलेला रिव्ह्यू वाचला. जेडचं, म्हणजे जाड, रसाळ पानांचं ते रोप गेलं याचं आम्हालाही वाईट वाटलं. तुमचा फोन दोन दिवस उचलला गेला नाही, ही चूक आमचीच. माफ करा.

पण "आतून सडलेलं जेड अडीचशे रुपयांना गळ्यात मारलं" हे त्यातलं वाक्य फार लागलं. जेड विक्रीला ठेवण्याआधी आम्ही कुंडीतून काढून मुळं बघतो. पांढरी आणि घट्ट असली तरच ते बाहेर मांडतो. तुम्ही रोप मृग लागताना नेलंत, तक्रार सहा आठवड्यांनी आली. मुळं तेव्हाच सडलेली असती तर या दमट हवेत त्याने पंधरा-वीस दिवसांतच मान टाकली असती.

तुमचाच फोटो मोठा करून बघा. खालची पानं पिवळी, आरपार दिसतील अशी झालीत आणि कुंडीभोवती गळून पडलीत. शेंड्याची मात्र हिरवी आहेत. मातीवर शेवाळ धरलंय. खोड मातीला टेकतं तिथे बोटभर काळं पडलंय. पाणी कमी पडलं असतं तर पानं पातळ होऊन सुरकुतली असती, खोड मात्र टणक राहिलं असतं.

तुम्ही लिहिलंय, एक दिवसाआड कपभर पाणी घालत होते, पानं मलूल दिसली म्हणून रोज घातलं. घोटाळा इथेच झाला. माती सतत भिजलेली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती मरतात आणि बुरशी शिरते. मेलेली मुळं पाणी ओढत नाहीत, म्हणून ओल्या मातीतही पानं मलूल होतात. बघणाऱ्याला वाटतं रोप तहानलंय. त्यात तुम्ही कुंडी बदललीत. नव्या चिनी मातीच्या कुंडीला खाली भोक नाही, असं तुम्हीच नंतर फोनवर सांगितलंत. आमच्या कुंडीला चार भोकं होती. पावसाळ्यात इथे चिऱ्याच्या भिंतीसुद्धा ओल सोडत नाहीत. तेव्हा घरातल्या जेडला पंधरा-वीस दिवसांनी पाणी पुरे, तेही कोरडी काडी तळापर्यंत खुपसून ती स्वच्छ निघाली तरच.

हे सगळं रोप देताना सांगायला हवं होतं, मान्य. यापुढे पावसाळ्यात पाण्याची चिठ्ठी सोबत द्यायचं बघतो.

शेंडा अजून वाचेल, पण उशीर करू नका. सुरी स्पिरिटने पुसून काळ्या भागाच्या वर कापा. कापलेल्या तोंडावर तपकिरी ठिपका किंवा कडं दिसलं तर सुरी पुसून आणखी वर कापा. आतला भाग पूर्ण हिरवट-पांढरा दिसायला हवा. खालची दोन-तीन पानं काढा, शेंडा सावलीत, वारा खेळेल अशा जागी आठवडाभर उघडा ठेवा. पावसात जखम सुकायला वेळ लागतो. मग निम्मी माती, निम्मी जाड नदीची वाळू घालून लावा आणि पुढचा आठवडा पाणी अजिबात नको. समुद्राची वाळू घेऊ नका, त्यात मीठ असतं. जुनी मातीही परत वापरू नका.

नाहीतर शेंडा आमच्याकडे आणून द्या, आम्ही लावून देतो, पैसे नकोत. एक स्टार ठेवायचा तर ठेवा. पण पावसाळ्यात गिऱ्हाईक आधीच थोडं, त्यात "सडकं विकतात" एवढं वाचून माणसं दारातून परत फिरतात. ती एक ओळ तेवढी काढलीत तर उपकार होतील.