भंगार म्हणण्याआधी लॉग कार्ड बघा

आज सकाळी चीता हेलिकॉप्टरच्या फोटोखाली पुन्हा तेच वाचलं, 'किती जुनं भंगार उडवतात'. डोकं फिरलं.

चीता म्हणजे फ्रान्सचं लामा, आणि ते जन्माला आलंच मुळी भारतासाठी. 1968 मध्ये आपण उंच डोंगरात चालेल असं हेलिकॉप्टर मागितलं. त्यांनी अल्युएट 2 चा हलका सांगाडा घेतला आणि त्यावर अल्युएट 3 चं, म्हणजे आपल्या चेतकचं, इंजिन आणि रोटर, म्हणजे डोक्यावरचा पंखा, चढवला. 17 मार्च 1969 ला ते पहिल्यांदा उडालं. आर्तुस्त इंजिनाची ताकद 870 अश्वशक्ती, पण घ्यायची फक्त 550. उरलेली विरळ हवेसाठी राखीव, सियाचिनमध्ये ती कामाला येते.

21 जून 1972 ला वैमानिक जाँ बुले यांनी लामा 12,442 मीटरवर नेलं. उतरायला पॉवर कमी केली आणि कडाक्याच्या थंडीत इंजिन विझलं, परत पेटलं नाही. खालून येणाऱ्या हवेवर रोटर फिरत राहिला आणि बुले सुखरूप जमिनीवर आले.

तेव्हा काय कामाला आलं? फ्रीव्हील. इंजिन थांबलं की ते रोटरला मोकळं करतं, नाहीतर बंद इंजिन रोटरलाही ओढून थांबवेल. बाहेरून हा भाग दिसतही नाही. तो किती तास चालला, ओव्हरहॉल, म्हणजे उघडून पूर्ण दुरुस्ती, कधी झाला, हे फक्त त्याचं लॉग कार्ड, म्हणजे नोंदींचा कागद, सांगतं.

म्हणून नुसतं सांगाड्याचं वय विचारून काही कळत नाही. रोटर हेड, गियरबॉक्स, पाती, प्रत्येकाचा हिशोब वेगळा: कुणाचे तास, कुणाची कॅलेंडरची वर्षं. इंजिनाच्या गरम भागाला तासांइतकेच स्टार्टही महागात पडतात, कारण प्रत्येक स्टार्टला धातू तापतो आणि निवतो. भाग आरशासारखा चकचकीत असला, पण कार्ड हरवलं किंवा सिरीयल नंबर जुळला नाही, तर तो भाग बाद. खरं भंगार ते!

तीन पात्यांचे ड्रॅग डॅम्पर घ्या, म्हणजे पात्यांची मागेपुढे होणारी हालचाल आवरणारे भाग. त्यातला एक जरी ढिला पडला तरी पात्यांमधलं अंतर बिघडतं, रोटरचा तोल जातो आणि जमिनीवरच हेलिकॉप्टर हलायला लागतं. ते हलणं आणि पायांची लवचीकता एका तालात आली की झाला ग्राउंड रेझोनन्स. काही सेकंदांत सगळं मोडतं. रोटरचे फेरे पुरेसे असतील तर तडक हवेत उचलायचं, नसतील तर पॉवर काढायची. चेतकला चाकं आहेत, म्हणून तिथे टायरमधली हवा आणि शॉक स्ट्रट, म्हणजे धक्के झेलणारे पाय, हेसुद्धा तितकेच महत्त्वाचे.

हो, एकच इंजिन आहे, कॉकपिट जुनं आहे. एचएएलचं (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं) नवं हलकं हेलिकॉप्टर 6 सप्टेंबर 2016 ला पहिल्यांदा उडालं, ते पथकांत केव्हाच यायला हवं होतं. मान्य.

पण मग चीड भागांच्या टंचाईवर काढा ना! स्टोअरमध्ये भाग नसला की उभ्या हेलिकॉप्टरचा काढून दुसऱ्याला लावतात. म्हणजे एका बिघाडासाठी तेच काम दोनदा. प्रत्येक वेळी नवं सील, नवी लॉकिंग वायर, ठरलेल्या जोराने आवळणं (टॉर्क), तपासणी, दोन्ही कार्डांवर नोंद. चुकायची जागाही दुप्पट. हे सगळं गारठलेल्या बोटांनी करणारा तंत्रज्ञ कुठल्याच फोटोत नसतो. त्याच्याबद्दल बोलताना तरी जीभ आवरा.

तो गियरबॉक्सचा मॅग्नेटिक प्लग काढतो आणि त्याला चिकटलेला चुरा उजेडात धरतो. बारीक राखाडी लगदा म्हणजे बहुतेक वेळा नेहमीची झीज. चकचकीत पापुद्रा दिसला की बेअरिंग किंवा गियरचा दात सोलतोय, उड्डाण बंद. रबरी सील तर वापर न होताही म्हातारी होतात. म्हणून पाकीट फोडण्याआधी तो त्यावरची तारीख वाचतो. मुदत गेली असेल तर ते सील, कितीही नवं दिसलं तरी, बाजूला.

बुले यांच्या खाली येण्यात वैमानिकाचं कौशल्य होतंच. पण इंजिन विझल्यावर फ्रीव्हीलने रोटर सोडला, पाती त्या थंडीत टिकली आणि कंट्रोल हातात राहिले. आज सियाचिनच्या चौकीवर रॉकेलचे कॅन टाकून परतणारा चीता याच भागांच्या भरवशावर खाली येतो.