पट मोजून झाला, आता गुरुजींचा वेळ मोजा

महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचं काय करायचं, हा वाद २०२२ पासून धुमसतो आहे. त्या वर्षी सरकारने अशा शाळांची माहिती मागवली. सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळांचं, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा एका मोठ्या शाळेत एकत्र करण्याचं, परिपत्रक निघालं आणि पानशेत व तोरणमाळचा नमुना पुढे ठेवला गेला. तेव्हाच्या आकड्यांनुसार अशा शाळा सुमारे १४,७०० आणि त्यांतली मुलं १ लाख ८५ हजारांच्या आसपास. मग १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शिक्षकांच्या जागा ठरवण्याचा, शासन निर्णय आला, कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक जागा कंत्राटी शिक्षकाने भरायचं ठरलं आणि २५ सप्टेंबर २०२४ ला राज्यभरातले शिक्षक सामूहिक रजेवर गेले.

स्कॉटलंडमधून हा वाद वाचताना दिसतं ते असं, की दोन्ही बाजू पटाभोवतीच फिरतात. एक म्हणते, चार मुलांच्या वर्गात खेळ नाही, चुरस नाही, गटकाम नाही, आणि पगार मात्र दोन. दुसरी म्हणते, शाळा लांब गेली की आधी मुलींची शाळा सुटते. दोन्हींत तथ्य आहे. पण द्विशिक्षकी शाळेतल्या शिक्षकाला सलग शिकवायला दिवसात किती मिनिटं मिळतात, हे कोणीच मांडत नाही. छोटी शाळा चालणार की बसणार, हे त्या मिनिटांवर ठरतं.

इथे ऑर्कनी, हेब्रिडीज बेटं, आर्गाइल, हायलँड या भागांत वीस-पंचवीस मुलांची प्राथमिक शाळा नवलाची नाही. पाच वर्षांच्या मुलापासून बारा वर्षांच्या मुलापर्यंत सात इयत्ता एक-दोन खोल्यांत बसतात. अशा एकत्रित वर्गात २५ पेक्षा जास्त मुलं घालता येत नाहीत, मग शिक्षक कितीही मुरलेला असो. एकाच इयत्तेचा वर्ग असेल तर वरच्या वर्गांना ही मर्यादा ३३ आहे. म्हणजे बहुवर्ग अध्यापन हे वेगळं आणि जड काम आहे, हे पटाच्या नियमातच मान्य केलेलं आहे. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक एवढंच आहे. साठ मुलं एका इयत्तेतली की चारही इयत्तांतली, याची तिथे दखल नाही.

आता चार इयत्ता आणि दोन शिक्षकांच्या शाळेचा दिवस जवळून बघू. एका शिक्षकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी. प्रत्येक इयत्तेला तीन-चार विषय धरले तर रोज सहा ते आठ वेगवेगळ्या पाठांची तयारी. हे निभतं ते फेऱ्यांवर: एका गटाला शिक्षक पंधरा-वीस मिनिटं थेट शिकवतात, दुसरा गट त्या वेळात जोडीने किंवा स्वतः काम करतो, मग अदलाबदल. ज्या शाळेत दुसरा शिक्षक रजेवर किंवा प्रशिक्षणाला गेलेला असतो, तिथे हेच चार गटांना पुरवावं लागतं. तेव्हा सुरुवात पहिलीपासून करायची, कारण त्यांना फळ्यावरची सूचना वाचता येत नाही. चौथीचं काम आदल्या संध्याकाळीच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं तर मुलं आल्या आल्या बसतात.

शक्य तिथे विषय एकच घ्यायचा आणि इयत्तेप्रमाणे काठिण्य बदलायचं. आठवडी बाजार घेतला तर पहिली चिंचोके मोजून दहा-दहाचे ढीग करते, दुसरी दोन अंकी बेरीज करते, तिसरी पावशेर-अर्धा किलोचे ग्रॅम करते आणि चौथी बिल तयार करते. स्वयं-अध्ययनाच्या कार्डावर कामाचे दोन टप्पे हवेत आणि पाठीमागे उत्तरं हवीत. दहा मिनिटांचं म्हणून दिलेलं काम हुशार मुलं सहा मिनिटांत उरकतात आणि गोंगाट तिथून सुरू होतो. गटप्रमुख दर आठवड्याला बदलायचा. तो बदलला नाही, तर चौथीतली चुणचुणीत मुलगी वर्षभर पहिलीची बाई होऊन बसते आणि तिचे स्वतःचे अपूर्णांक राहून जातात.

या सगळ्याला शिक्षकाचं लक्ष अखंड लागतं. एकाच इयत्तेच्या वर्गात शिक्षकाची दहा मिनिटं गेली तर दहाच मिनिटं जातात. बहुवर्गात तीच दहा मिनिटं गेली की फेरी कोलमडते. शिकणाऱ्या गटाचा पाठ अर्धवट राहतो, काम संपलेला गट मोकळा होतो आणि पुढच्या गटाची पाळी हुकते. मग शिक्षक नाइलाजाने “पान उतरवून काढा” किंवा “पाढे लिहा” सांगतात, कारण त्याने वर्ग तेवढा शांत बसतो. अशा दिवसांची संख्या वाढली की चौथीतल्या मुलाला दुसरीचा परिच्छेद वाचता येत नाही, आणि दोष पटाच्या नावावर जातो.

ही दहा मिनिटं खातं कोण? स्वतंत्र मुख्याध्यापकाचं पद कायद्याने १५० पेक्षा जास्त पटालाच मिळतं. त्यामुळे द्विशिक्षकी शाळेत ज्येष्ठ शिक्षकाकडेच पदभार असतो, आणि त्या पदभाराची सुरुवात पोषण आहारापासून होते. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. आज २४ मुलं हजर असतील तर २ किलो ४०० ग्रॅम तांदूळ, ४८० ग्रॅम डाळ, १ किलो २०० ग्रॅम भाजी आणि १२० ग्रॅम तेल. आधी हजेरी, मग माप काढून देणं, शिजलं की मुलांच्या आधी चव घेऊन चव नोंदवहीत सही, साठा नोंदवहीत खर्ची टाकणं, आणि ॲपवर त्याच दिवशी माहिती भरणं. डोंगरात रेंज नसेल तर ही शेवटची पायरी टेकडीवर जाऊन करावी लागते किंवा रात्री घरी. माल येतो त्या दिवशी प्रत्येक पोतं तोलून घ्यावं लागतं, कारण कमी भरलेलं पोतं पूर्ण म्हणून जमा केलं तर फरक पदभार असणाऱ्याच्या माथी बसतो. २५ मुलांपर्यंत स्वयंपाकी-मदतनीस एकच मिळते. ती आजारी पडली की चूल कोणी पेटवायची, हा प्रश्नही शाळेतच सुटतो.

मग शाळेची, मुलांची आणि पगाराची ऑनलाइन माहिती: यू-डायस प्लस, सरल, शालार्थ, मुलांचे अपार ओळख क्रमांक आणि आधार पडताळणी. यांतलं आधारचं काम सर्वांत जिवावरचं, कारण संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते आणि आधार जुळलेलं मूलच मोजलं जातं. जन्माच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, आईचं नाव तिसऱ्याच स्पेलिंगने. वीस मुलांच्या शाळेत अशी दोन नावं जुळली नाहीत तर शिक्षकाची जागा धोक्यात येते. म्हणून सप्टेंबरात शिक्षक पालकांना घेऊन तालुक्याच्या आधार केंद्रावर खेपा घालतात. वाचन पक्कं होण्याचा तो हंगाम असतो. त्याच्या जोडीला मतदार यादीचं बीएलओचं काम, आणि व्हॉट्सॲपवर येणारं “आजच्या आज माहिती सादर करा”. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना मनाई करतं. राज्याने २०२४ मध्ये शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारीही केली. पण ऑनलाइन माहिती हे शैक्षणिक काम ठरलं, तरी ते करताना वर्ग मोकळाच राहतो. नाव बदलून ती दहा मिनिटं परत येत नाहीत.

स्कॉटलंडमध्ये शिक्षकाचा आठवडा ३५ तासांचा आणि त्यात वर्गासमोरची वेळ जास्तीत जास्त साडेबावीस तास. ही मर्यादा देशभराच्या सेवाशर्तींत आहे, मुख्याध्यापकाच्या मर्जीवर नाही. मुलं शाळेत २५ तास असतात, तेव्हा मधल्या अडीच तासांसाठी दुसरं माणूस आणावंच लागतं. छोट्या शाळांत ते माणूस बहुधा फिरतं असतं: संगीत, चित्रकला किंवा व्यायामाचे शिक्षक आठवड्यात ठरल्या दिवशी येतात, त्या वेळात वर्गशिक्षक तयारी करतात. मुलांच्या नोंदी एकाच संगणक प्रणालीत राहतात, ती शाळा चालवणाऱ्या सर्व ३२ स्थानिक परिषदांमध्ये सारखी आहे. विद्यार्थी गणना सप्टेंबरात होते, ती याच नोंदींतून. छोट्या शाळेतही आठवड्यातले काही तास कार्यालयीन मदतनीस असतो. जेवण बऱ्याच ठिकाणी मोठ्या शाळेच्या स्वयंपाकघरातून गरम पेट्यांत येतं आणि त्याचा साठा परिषदेचा विभाग बघतो. एकाच मुख्याध्यापकाकडे दोन-तीन शाळा, ही पद्धतही रुळलेली आहे.

शाळा बंद करणं मात्र इथे मुद्दाम अवघड ठेवलं आहे. २०१० चा शाळा सल्लामसलत कायदा आणि त्यातली २०१४ ची दुरुस्ती यांनुसार ग्रामीण शाळा बंद करू नये, हे गृहीत धरून सुरुवात होते. कोणत्या शाळा ग्रामीण, याची यादी सरकार प्रसिद्ध करतं. परिषदेला आधी दुसरे पर्याय तपासावे लागतात. बंद केल्याने मुलांचा शैक्षणिक फायदा काय, गावावर परिणाम काय आणि प्रवास किती वाढेल, हे लेखी मांडावं लागतं. सल्लामसलत किमान सहा आठवडे चालते आणि त्यात शाळेचे ३० दिवस यावेच लागतात. जाहीर सभा होते, निरीक्षकांचा स्वतंत्र अहवाल येतो, त्यानंतरही मंत्री प्रकरण मागवून घेऊ शकतात. प्रस्ताव बारगळला तर पाच वर्षं त्याच शाळेवर पुन्हा प्रस्ताव आणता येत नाही. या पाच वर्षांचं मोल मोठं आहे. डोक्यावर टांगती तलवार असलेल्या शाळेत पालक नवीन मूल घालत नाहीत आणि शिक्षक बदलीचा अर्ज तयार ठेवतो, मग पट खरंच घसरतो. आपल्याकडे हे चक्र आता दरवर्षी फिरतं आहे.

इथे सगळं छान आहे असा दावा नाही. पट अगदी घसरला की परिषदा शाळा ‘तात्पुरती’ बंद ठेवतात, आणि हा मागच्या दाराचा रस्ता असल्याची तक्रार पालक करतात. वर्गासमोरचा वेळ आणखी ९० मिनिटांनी कमी करू, हे आश्वासन २०२१ पासून रखडलं आहे आणि संघटना त्यावर भांडत आहेत. बेटांवरच्या जाहिरातींना अर्ज येत नाहीत. दूरच्या बेटांसाठी वेगळा भत्ता आहे, पण भत्ता असून राहायला घर नाही, कारण घरं पर्यटकांना भाड्याने जातात. घराचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. आपल्याकडे शिक्षकांनी मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावीच, राहण्याचा वाद २०२२ मध्ये विधानसभेपर्यंत गेला. घरभाडे भत्त्यासाठी ग्रामसभेचा ठराव जोडायचा नियम आहे. पण सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर शिक्षकाच्या कुटुंबाला भाड्याने घ्यायला पक्की खोलीच नसेल, तर ठराव करून ती उभी राहत नाही. तालुक्याहून दुचाकीने रोज ऐंशी किलोमीटर करणारा शिक्षक थकतो आणि पावसाळ्यात ओढा चढला की अडकतो, हे खरंच आहे. त्यावर उपाय शाळेलगत दोन खोल्या बांधणं हा आहे. वर्गात शिक्षकांचे फोटो लावण्याच्या निर्णयाने यातलं काही सुटलं नाही.

बदल्यांच्या बाबतीत मात्र महाराष्ट्राने चांगली चौकट उभी केली होती. २०१७ च्या धोरणात सोपं आणि अवघड क्षेत्र ठरलं, अवघड क्षेत्रात तीन वर्षं झाली की बदलीचा अधिकार मिळाला आणि संगणकाने वशिला बराच मोडला. अडचण उरली ती मुलांच्या बाजूने. भिली, पावरी, कोरकू किंवा गोंडी घरात बोलणाऱ्या मुलांची भाषा कळायला शिक्षकाला दोनेक वर्षं लागतात, आणि ती कळू लागते तोवर बदलीचा अर्ज भरायची वेळ येते. थांबणाऱ्याला काही मिळेल अशी तरतूद हवी: चौथ्या आणि पाचव्या वर्षी वाढीव भत्ता आणि पुढच्या बदलीत पहिली पसंती.

समूह शाळेच्या बस, इमारत आणि वसतिगृहावर खर्च करण्याआधी एक स्वस्त प्रयोग करता येईल. राज्यात जवळच्या शाळांचे गट करून केलेली ४,८६० केंद्रं आहेत. प्रत्येक केंद्राला एक लिपिक आणि एक फिरता शिक्षक द्या. लिपिकाने दहा-बारा शाळांची आधार, यू-डायस आणि पोषण आहाराची ऑनलाइन नोंद उचलावी. शिक्षकांनी कागदावर रोजची हजेरी तेवढी द्यावी. फिरत्या शिक्षकाने आठवड्यातून अर्धा दिवस प्रत्येक छोट्या शाळेत जायचं आणि कोणी रजेवर असेल तर आधी तिथे पोहोचायचं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून ३० पटापर्यंतच्या शाळेला वर्षाला दहा हजारांचं संयुक्त अनुदान मिळतं. त्यात वीजबिल, खडू, झाडू आणि शौचालयाची दुरुस्ती बसवायची असते. ते पंचवीस हजारांवर न्या. दोन वर्षांनी याच शाळांतल्या तिसरीच्या मुलांचं वाचन तपासा, मग बंद करण्याची चर्चा करा.

आणि बंद करायचीच असेल, तर गावावर काय परिणाम होईल हा स्कॉटलंडच्या कायद्यातला प्रश्न बीड, अहिल्यानगर किंवा जालन्याच्या वस्तीवर जाऊन विचारायला हवा. दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन आई-बाप ऊसतोडीला कारखान्याच्या फडावर जातात ते एप्रिलपर्यंत. मूल मागे राहतं ते आजीजवळ. हंगामी वसतिगृहाची सोय त्यासाठीच आहे, तीही गावातल्या शाळेच्या आधारानेच चालते. आजीला दिसत नाही, चालवत नाही, पण शाळा हाकेच्या अंतरावर असते आणि दुपारी मूल तिथेच जेवतं, म्हणून ती त्याला ठेवून घ्यायला तयार होते. शाळा चार किलोमीटरवर गेली, तर सकाळी त्याला बसपर्यंत सोडणारं आणि संध्याकाळी आणणारं घरात कोणी उरत नाही. मग ते मूलही आई-बापांबरोबर बैलगाडीत बसतं.