सर, 'पळपुटी' हा शब्द मला मान्य नाही

सर, कॉलेजात विषय बदलणाऱ्या मुलांवरच्या माझ्या लेखाला तुमची प्रतिक्रिया आली. उत्तराला दोन दिवस लावले, कारण पहिल्या दिवशी लिहिलं असतं तर शब्द आवरले नसते.

आधी चूक कबूल करते. सोलापूर विद्यापीठाचं स्थापना वर्ष मी 2002 लिहिलं होतं, ते 2004 आहे. दुरुस्त केलं, आभार.

आता तुमचं ते वाक्य: 'शाखा बदलणारी पोरं पळपुटी असतात, कष्ट नकोत म्हणून सोपं शोधतात.' तीस वर्षं शिकवलेल्या माणसाने मुलांबद्दल असं लिहावं? मुद्दा पटत नसेल तर तसं सांगा, पण समोर नसलेल्या मुलांना नावं ठेवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

मी स्वतः बदलला आहे विषय. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, घरात तेलुगू, शाळेत मराठी. वडील यंत्रमागावर रात्रपाळी करायचे, आई विड्या वळायची. 1995 साली दहावीला 81 टक्के पडले आणि गल्लीने ठरवून टाकलं, पोरगी सायन्सला जाणार. मला कुणी विचारलं नाही. मीही बोलले नाही, कारण एवढे मार्क पडल्यावर आर्ट्सला जाणं म्हणजे घराची लाज, असंच वातावरण होतं.

बारावी झाली, बी.एस्सी.चं पहिलं वर्ष फर्स्ट क्लासने पास झाले. हे नीट वाचा, सर. नापास होऊन सोडलं नाही. त्याच वर्षी मैत्रिणीच्या अर्थशास्त्राच्या वहीत मजुरीवरचा धडा वाचला. आईने वळलेल्या विड्यांतल्या मूठभर रोज 'खराब' म्हणून बाजूला निघायच्या, त्यांचे पैसे मिळायचे नाहीत. मजुरी कोण ठरवतं, का ठरवतं, हा प्रश्न मला तिथं पहिल्यांदा दिसला. मग बी.ए.ला पुन्हा पहिल्या वर्षापासून बसले. एक वर्ष गेलं, फी दुसऱ्यांदा भरली, कॉलेजच्या ऑफिसात एका दाखल्यासाठी चार चकरा झाल्या, आणि वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. यात सोपं काय होतं ते सांगा. आज मी अर्थशास्त्रच शिकवते.

म्हणून सांगते, पंधराव्या वर्षी मार्कांनी, मामांनी आणि शेजाऱ्यांनी ठरवलेली शाखा सोडणं म्हणजे पळणं नव्हे. बऱ्याच मुलांचा स्वतःचा असा तो पहिलाच निर्णय असतो.

'अमेरिकेचे आकडे सोलापूरला लावू नका' असंही म्हणालात. बरं, सोलापूरला नाही लावत. पण अमेरिकेच्या सरकारी अहवालात, 2017 च्या, पदवीला बसलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांनी तीन वर्षांत मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, बदलल्याची नोंद आहे. गणित घेतलेल्यांत तर निम्म्याहून जास्त. गणित निवडणारी ती सगळी कष्टाला भिणारी होती का? आणि आपल्याकडे यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, डिसेंबर 2022 मध्ये पदवीचा जो आराखडा काढला, त्यात दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी त्याच ज्ञानशाखेत मेजर बदलायची मुभा आहे. ती काय पळपुट्यांसाठी ठेवली?

फीचं आणि नोकरीचं तुम्ही बरंच लिहिलंय. ते प्रत्येक घराचं वेगळं असतं, त्यात आत्ता शिरत नाही. 'मॅडम, पालकांची दिशाभूल करू नका' हा टोला मात्र अनावश्यक होता. माझ्याकडे पालक रडत येतात सर, बाराव्या वर्गाच्या निकालानंतर दरवर्षी येतात.

तुम्ही एका मुलाचं उदाहरण दिलंत, मेकॅनिकलचं दुसरं वर्ष सोडून बी.कॉम.ला गेलेल्या. तुमच्याच कॉलनीतला आहे म्हणता. मेकॅनिकल त्याच्यासाठी कुणी निवडलं होतं, हे त्याला कधी विचारलंत का? नसेल तर विचारा आणि इथंच कळवा. मी वाट बघते.