साडेसातशेच्या जागी 4,200

पहाटे साडेतीनला बेल वाजली. दारात विमानतळावरून आलेली आमची पाहुणी, पोर्तुगालची मुलगी, चोवीस-पंचवीस वर्षांची, पाठीवर भलीमोठी बॅग, डोळे झोपेने लाल, तरी हसत होती. पाणी दिलं, चहा टाकला. म्हणाली, टॅक्सीवाला किती चांगला होता! बॅग उचलून दिली, वाटेत समुद्र दाखवला, मी त्याला वर 200 रुपये बक्षीस दिले. मी विचारलं, भाडं किती घेतलं? तर म्हणाली, 4,200.

माझ्या हातात चहाचं गाळणं होतं. ते तसंच धरून मी उभी राहिले. तिला खरं सांगू की नको? सांगितलं तर मुंबईतली तिची पहिली रात्र नासणार, न सांगितलं तर उद्या दुसरा कोणी तिला 5,000 ला गंडवणार. शेवटी सांगितलंच. तिचं हसू गेलं. चिडली नाही, रडली नाही. फक्त हळू आवाजात म्हणाली, ‘पण तो माझ्याशी त्याच्या मुलीबद्दल बोलत होता.’

तेव्हापासून मला जो राग आलाय तो उतरत नाही.

सहा वर्षं गिरगावात राहत्या घरातल्या दोन खोल्या आम्ही निवास-न्याहारीला देतो. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत त्याचा सी फॉर्म भरायचा, पासपोर्ट, व्हिसा सगळं नोंदवायचं. सरकारला माझ्या घरी कोण उतरलंय हे काटेकोर हवं असतं. पण तोच माणूस विमानतळाच्या दारातून माझ्या दारापर्यंत येताना त्याचं काय होतं, याची नोंद कुणी ठेवत नाही. ती मी ठेवते. सी फॉर्मच्या वहीतच शेवटच्या पानांवर लिहिते: कुठून आला, किती वाजता, किती दिले. 1,800. 2,500. 3,000. पोलंडच्या एका म्हाताऱ्या जोडप्याकडून 60 युरो, कारण ‘रुपये चालत नाहीत’. भारतात रुपये चालत नाहीत!

आता खरं भाडं काय होतं ते मांडते, कारण ‘थोडं इकडेतिकडे होतंच’ म्हणणारे लगेच पुढे येतात. 1 फेब्रुवारी 2025 पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं 31 रुपये आहे, पहिल्या दीड किलोमीटरला. पुढे किलोमीटरला 20 रुपये 66 पैसे. विमानतळाच्या टर्मिनल 2 पासून आमच्या घरापर्यंत धरा 24 किलोमीटर. म्हणजे दिवसा साधारण 500 रुपये. मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत सव्वापट, म्हणजे 620. वांद्रे-वरळी सी लिंकवरून आणलं तर टोल 100. सिग्नलला खोळंबा झाला तरी 750 च्या वर जायला कारण नाही. त्या टॅक्सीवाल्याने घेतले 4,200. त्यात काय काय होतं ते तिने मला सांगितलं. रात्रीचा डबल चार्ज. सी लिंकचा टोल 600. आणि कोस्टल रोडचा टोल 400. कोस्टल रोडला टोलच नाही! तिथे टोलनाकाच नाही, गाडी कुठे थांबत नाही, कुणी पैसे घेत नाही. नसलेल्या नाक्याचे 400 रुपये त्याने डोळ्यात डोळे घालून घेतले, आणि ‘समुद्र दाखवला’ म्हणून तिने त्याला वर बक्षीस दिलं.

हे एकट्यादुकट्याचं काम नाही. रात्री एक ते तीनमध्ये लांबच्या विमानांची रांग लागते. माणूस दहा-बारा तास प्रवास करून आलेला, सिम घेतलेलं नाही, फोनला नेट नाही, हातात मोठ्या नोटा. दाराबाहेर पाऊल टाकलं की चार जण अंगावर येतात. एक बॅगेला हात घालतो, एक विचारतो कुठे जायचंय, एक सांगतो प्रीपेड टॅक्सीची खिडकी बंद आहे, एक सांगतो पुढे मोर्चा आहे, रस्ता बंद आहे, लांबून जावं लागेल. रात्री दोन वाजता मोर्चा! बॅग डिकीत गेली की खेळ संपला. मग मीटर खराब असतो, नाहीतर मीटरवर फडकं टाकलेलं असतं, नाहीतर मीटर पडतो पण धावतो, डोळ्यासमोर आकडा उड्या मारत जातो. नोटांची हातचलाखी वेगळीच. पाहुणा 500 ची नोट देतो, अंधारात ती मांडीखाली जाते आणि 100 ची बाहेर येते: ‘मॅडम, शंभर दिया.’ नोटांचे रंग अजून डोळ्यांत बसलेले नसतात, त्याला वाटतं आपलंच चुकलं, तो ‘सॉरी’ म्हणतो. सॉरी! लुटला जाणारा सॉरी म्हणतो!

2026 च्या जानेवारीत अमेरिकेहून आलेल्या बाईंकडून विमानतळाजवळच्या हॉटेलात जायचे 18,000 रुपये घेतले. हॉटेल होतं 400 मीटरवर. त्यांनी समाजमाध्यमावर लिहिलं, गाडीचा नंबर टाकला, बोंब झाली, तेव्हा गुन्हा नोंदला गेला आणि चालकाला अटक झाली. म्हणजे मनात आणलं तर पकडता येतं. नंबर असतो, कॅमेरे असतात. मग माझ्या वहीतल्या 2,500 आणि 3,000 वाल्यांचं काय? त्यांनी बोंब मारली नाही म्हणून ते लुटले गेलेच नाहीत का?

दिवसाढवळ्याही तेच. गेटवेजवळ उभे राहून बघा. ‘सिटी टूर’ म्हणून गाडीत बसवायचं, महालक्ष्मीचा धोबीघाट, मणिभवन, हँगिंग गार्डन असं भराभर फिरवायचं आणि मग ‘पाच मिनिटं फक्त बघा’ म्हणत शाली-गालिच्यांच्या दुकानात नेऊन सोडायचं. तिथे चालकाचं कमिशन ठरलेलं. माझ्याकडच्या एका जपानी पाहुण्याला मणिभवनात दहा मिनिटं मिळाली आणि दुकानात तासभर. गांधीजींची खोली नीट बघायला तो मुंबईत थांबला होता!

मग आपलेच लोक समजूत घालायला येतात. ‘अहो, त्यांना काय, त्यांच्या हिशेबात चिल्लर आहे.’ त्या पोर्तुगीज मुलीने दोन वर्षं बेकरीत काम करून तिकिटाचे पैसे जमवले होते. आणि समजा असते तिच्याकडे गडगंज, म्हणून काय झालं? श्रीमंताच्या घरी चोरी केली तर ती चोरी नसते का? दुसरा मुद्दा फार हुशारीने काढतात: घारापुरीच्या लेण्यांना आपल्याला तिकीट 40 रुपये आणि परदेशी माणसाला 600, सरकारच असं करतं तर टॅक्सीवाल्याने का नाही? कारण तो दर खिडकीवर लिहिलेला असतो. घेण्याआधी कळतो. पावती मिळते. पटत नसेल तर माणूस जेट्टीवरून परत फिरू शकतो. फरक आकड्यात नाही, लपवण्यात आहे. रात्री दोन वाजता, दारं बंद केलेल्या गाडीत, नसलेल्या टोलाचे पैसे मागणं आणि खिडकीवरची पाटी या दोन गोष्टी एका तागडीत टाकूच नका.

काही जण लगेच प्रांतावर येतात, अमुक गावचे लोक असेच. बंद करा ते. माझ्या पाहुण्यांना फसवणाऱ्यांशी मी फोनवर बोलले आहे, त्यांतले दोघे माझ्याशी स्वच्छ मराठीत बोलले. एकजण तर म्हणाला, ‘ताई, तुम्हाला काय करायचंय, तुमच्या खिशातून गेले का?’

हो, करायचंय. कारण माझ्या शहराच्या नावाने घेतले ते.

आता मी काय करते ते लिहिते. ज्यांच्याकडे परदेशातून कुणी येणार असेल, मित्र असो, सुनेची मैत्रीण असो, ऑफिसचा माणूस असो, त्यांनी हे आधीच कळवा. विमान दिवसा उतरत असेल तर सरळ मेट्रो. ॲक्वा लाइनचं स्टेशन टर्मिनल 2 ला आहे, टर्मिनल 1 ला आहे, आणि ऑक्टोबर 2025 पासून ती थेट कफ परेडपर्यंत जाते. सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, आमचं गिरगाव, सगळं त्याच लाइनवर. कितीही लांब गेलं तरी 70 रुपयांच्या वर तिकीट नाही. मोठ्या बॅगा असल्या तरी लिफ्ट आहेत. पण रात्री ती बंद असते, आणि नेमकी विमानं तेव्हाच उतरतात. अशा वेळी दाराबाहेर पडायच्या आधी, आतच, प्रीपेडच्या खिडकीवर पैसे भरायचे. मीटरपेक्षा थोडे जास्त जातात, जाऊ देत. पावती आपल्याजवळ ठेवायची आणि घराच्या दारात उतरून, बॅग हातात आल्यावरच चालकाला द्यायची. आधी मागितली तरी नाही द्यायची. त्याच्या हातात पावती गेली की त्याचं काम झालं, मग तो कुठेही उतरवेल. ॲपची गाडी मागवली तर नंबरप्लेट जुळवल्याशिवाय बसायचं नाही. ‘मीच तुमचा उबरवाला’ म्हणत स्वतःहून पुढे येणारा माणूस तो नसतो. बॅग कुणाच्याही हातात नाही, स्वतः ठेवायची, शक्यतो सीटवर. डिकीत गेलेली बॅग ओलीस असते. नोट देताना आकडा मोठ्याने म्हणायचा, ‘फाइव्ह हंड्रेड’, आणि दिवा लावायला सांगायचा. बसल्या बसल्या गाडीच्या नंबराचा फोटो काढून घरी पाठवायचा, चालकाला दिसेल असा. याने जेवढा फरक पडतो तेवढा कशानेच पडत नाही. मी तर पाहुण्याला सांगते, गाडीत बसलात की मला फोन लावा आणि फोन त्याच्याकडे द्या. ‘दादा, गिरगावात कुठून वळणार?’ एवढंच विचारते. वाट माहीत असलेली बाई पलीकडे आहे म्हटल्यावर कोस्टल रोडचा टोल गायब होतो. आणि पर्यटकांसाठी 1363 हा नंबर आहे, चोवीस तास, बारा भाषांत, जपानी, जर्मन, अरबी, पोर्तुगीजसुद्धा. आजवर माझ्याकडे आलेल्या एकाही पाहुण्याला तो माहीत नव्हता. एकालाही नाही! बारा भाषांत माणसं बसवायची आणि नंबर कुणाला सांगायचा नाही, हे कसलं काम?

हे सगळं मला स्वागताच्या पत्रात लिहावं लागतं. पूर्वी मी लिहायचे, पावसाळ्यात छत्री आणा, सकाळी पोहे असतात, तिखट चालतं का सांगा. आता पत्राची सुरुवात होते ती ‘दाराबाहेर कुणावर विश्वास ठेवू नका’ या वाक्याने. मला हे लिहिताना लाज वाटते. आपल्या घरी येणाऱ्या माणसाला आपल्याच गावाबद्दल हे सांगायचं?

आणि उपाय काय अवघड आहे? आगमनाच्या दारात, ट्रॉली घेऊन बाहेर पडताना नजरेला पडेलच अशी एक मोठी पाटी लावा. कुलाबा इतके, दादर इतके, अंधेरी इतके, रात्री इतके, सी लिंक 100, कोस्टल रोड शून्य. खाली 1363. परफ्यूमच्या जाहिराती भिंतभर लागतात तिथे, एक दरपत्रक लागत नाही? आणि दाराशी रोज तेच चेहरे उभे असतात. मला आठ फेऱ्यांत पाठ झालेत, तर तिथे बाराही महिने ड्युटी करणाऱ्यांना ते ओळखू येत नाहीत हे मला कुणीही सांगू नये.

आमच्या तळमजल्यावर एक काका आहेत, एकतीस वर्षं टॅक्सी चालवतात. जुनी पद्मिनी गाडी होती तेव्हापासून. मीटर टाकल्याशिवाय गाडी हलवत नाहीत, गाडीत राहिलेले दोन मोबाइल आणि एक लग्नातला हार त्यांनी घरी नेऊन दिलाय. ॲपच्या गाड्या आल्यापासून त्यांचा धंदा निम्म्यावर आलाय, हप्ते चुकत नाहीत, गॅस महाग होतो. त्यांच्यासमोर मी हा विषय काढला की ते मान खाली घालतात, जणू त्यांनीच केलंय. या लुटारूंवर माझा सगळ्यात मोठा राग यासाठी आहे. 4,200 घेणारा रात्रीत मोकळा होतो आणि त्याचं बिल काका भरतात.

ती मुलगी पुढे गोव्याला गेली. परतीला कोकणकन्या एक्स्प्रेसने पहाटे सीएसएमटीला उतरली. मी सांगून ठेवलं होतं, स्टेशनबाहेर काळी-पिवळी मिळेल, मीटरने या. साडेसहाला दारात आली ती घामाघूम होऊन. चालत आली होती. ती बॅग पाठीवर घेऊन, रस्ता विचारत विचारत, क्रॉफर्ड मार्केटवरून, काळबादेवीतून. बाहेर टॅक्सीवाले उभे होते, एकजण ‘मीटर, मीटर’ असं बोट दाखवून सांगतही होता. ती त्याच्याकडे न बघता पुढे गेली.

साठ रुपयांचं भाडं होतं ते.