पंधरा किलोंची पाणबुडी

सांगलीकराला सामान बांधायला शिकवावं लागत नाही. कोयनेतून विसर्ग वाढला, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ४० फुटांकडं सरकलं, की आमच्या गल्लीत कुणी कुणाला काही सांगत बसत नाही. गव्हाचे डबे आपोआप माळ्यावर चढतात, फ्रिज चार विटांवर उभा राहतो आणि घराचा उतारा, विम्याची पॉलिसी, सासूबाईंच्या पाटल्या असा सगळा ऐवज एका पिशवीत बसून विश्रामबागेत नणंदेकडं जातो. ४५ फुटांना धोक्याची पातळी. तोवर आमचा दुसरा चहा झालेला असतो. २०१९ साली पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा चहाच्या भांड्यासकट सगळंच गेलं, ते सोडा.

तर पाण्यापासून सामान वाचवण्यात हयात गेलेल्या अशा घरात मी वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी पाण्याखाली न्यायचं सामान बांधायला काढलं.

याला कारण तारकर्ली. दोन वर्षांपूर्वी बँकेतल्या मैत्रिणींबरोबर गेले होते. ‘एकदा बघू तरी’ म्हणून पाण्यात डोकं घातलं, आणि ते डोकं अजून पुरतं वर आलेलं नाही असं घरच्यांचं मत आहे. पुढं स्कूबा डायव्हिंगचा, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून पाण्याखाली उतरायचा, रीतसर कोर्स केला. आता माझ्याकडं १८ मीटर खाली जायचं कार्ड आहे. १८ मीटर म्हणजे ५९ फूट. नवऱ्यानं लगेच हिशेब मांडला, “म्हणजे २०१९चा अख्खा पूर तुझ्या लायसनात बसतोय की!” सासूबाईंना हिशेबात रस नव्हता. “आपल्याकडं पाणी स्वतः चालत येतंय गं. तू कशाला त्याच्या दारात जातीस?”

पण याच सासूबाई खरेदीच्या वेळी माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या. झालं असं, की भाड्याच्या रेग्युलेटरविषयी मी बोलून गेले. रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडात आणणारं यंत्र. त्याचं रबरी बोंडूक दातांत धरायचं असतं. सासूबाईंनी विळी थांबवली.

“ते आधी कुणाच्या तोंडात असतंय?”

“असेल कुणाच्या तरी. धुतात ते.”

“दुसऱ्याचं उष्टं?” त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. “हिला हिचं घेऊन दे.”

सोवळ्यापुढं सेव्हिंग खात्याचं काही चाललं नाही. आधी रेग्युलेटर आला, मग त्याच न्यायानं मास्क आणि स्नॉर्केल, म्हणजे पाण्यावर तोंड खाली घालून श्वास घ्यायची नळी. पुढं बूट, फिन्स (पायांत घालायची वल्ही), वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) आणि बीसीडी, म्हणजे हवा भरून फुगवायचं जाकीट, हे न्यायाशिवायच आलं. या जानेवारीत अंदमानचं ठरलं आणि सगळं पहिल्यांदा एकत्र दिवाणावर मांडलं. काळ्या रबराचे चार पाईप, घड्याळासारखा काटा, दोन बोंडकं. दुसरं बोंडूक जोडीदाराची हवा संपली तर त्याला द्यायचं असतं, आणि त्याला ऑक्टोपस म्हणतात. हे मी सांगायला नको होतं. दोन दिवस सासूबाई त्या खोलीत देवाचं नाव घेतल्याशिवाय गेल्या नाहीत.

गल्लीतल्या प्रत्येकानं येऊन एकच प्रश्न विचारला, “ऑक्सिजनची टाकी कुठंय?” टाकी तिथंच मिळते. आणि तिच्यात ऑक्सिजन नसतो, आपली साधी हवाच असते, २०० बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दोनशेपट दाबानं कोंबलेली. टाकीचं वजन १४ किलोंच्या घरात, तेव्हा ती कुणी सांगलीहून नेत नाही. नेलीच तर वॉल्व्ह काढून, आत काही नाही हे दिसेल अशी न्यावी लागते. हे मी पंधरा वेळा सांगितलं. सोळाव्याला “मागच्या खोलीत आहे” म्हणून सांगून टाकलं. तो समाधानानं गेला.

आता बॅग. विमानात खाली टाकायला १५ किलो आणि हातात ७ किलो, एवढ्यात समुद्र बसवायचा होता. हरभट रोडवरच्या एका दुकानात मी फिन्स कापडी पिशवीत घालून घेऊन गेले, कारण घोडं तिथंच पेंड खात होतं. माझे फिन्स ६४ सेंटिमीटर लांब आहेत. बाकी सगळं घडी होतं, गुंडाळलं जातं, कोंबलं जातं. फिन मात्र वाकत नाही. दुकानदार एकेक बॅग उघडी करणार, मी आत फिन आडवा घालून बघणार, मग तिरका. शेजारी लग्नाच्या बस्त्याला आलेली मंडळी साड्यांचं विसरून आमच्याकडं बघत होती. त्यांच्यातल्या एका पोरानं “आई, बदकाचं पाय!” म्हणून जाहीर केलं.

“ताई, ही घ्या,” म्हणून दुकानदारानं चार चाकांची, कडक कवचाची बॅग काढली आणि आडवी ठेवून तिच्यावर चक्क उभा राहिला. वर दोन उड्याही मारल्या. मला बॅगेत वस्तू न्यायच्या होत्या, बॅगेवर दुकानदार नाही, पण अशा वेळी माणूस भारावतोच. फिन्स तिरके बसले. मी पैसे दिले.

घरी सगळं भरलं आणि वजनाचा प्रश्न आला. आमचा घरचा काटा माणसं उभं राहायचा. त्यावर बॅग ठेवली की आकडा बॅगेखालीच झाकला जातो. म्हणजे बॅग घेऊन आपण उभं राहायचं, मग बॅग ठेवून नुसतं उभं राहायचं, आणि वजाबाकी करायची. वजाबाकी मुलगा करत होता. मोठ्यानं. त्यातली दुसरी संख्या मी गेली सहा वर्षं या घरात गुप्त ठेवली होती.

शेवटी नवरा म्हणाला, आपण कशाला खेळण्यातल्या काट्यावर जीव टाकायचा? त्यांची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून त्यांचा काट्याविषयीचा अभिमान जरा जास्तच आहे. बॅग अडतीवर गेली. तिथल्या हमालमामांनी ती एका हातानं जमिनीपासून वीतभर उचलली, क्षणभर डोळे मिटले आणि सांगितलं, “साडेसतरा.” काट्यानं १७.४ दाखवलं. मामांच्या चेहऱ्यावर असा भाव, की १०० ग्रॅमची चूक काट्याची.

मग त्यांनी माझ्यासमोर बॅग रिकामी करायला लावली आणि नुसतं कवच उचललं. “वैनी, साडेचार किलोची तर पेटीच हाय. तुमी काय पेटी दाखवाया निघालाय?”

हे मला एवढ्या वर्षांत कुणी इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलं नव्हतं. पंधरातले साडेचार गेले की राहतात साडेदहा. माझं सामान कपडे धरून तेराच्या आसपास. पाण्याखालच्या प्रवासाला कडक पेटी म्हणजे पोहायला जाताना लोखंडी चप्पल.

दुसऱ्या दिवशी बॅग परत करायला गेले. दुकानदारानं ती हातात घेतली, खालून बघितली, बोट फिरवलं. चाकांत, झिपच्या दातांत, कोपऱ्याकोपऱ्यांत राजापुरी हळद बसली होती.

“ताई,” तो हात जोडून म्हणाला, “हिला हळद लागली. आता ही तुमच्या घरची.”

त्यावर काय बोलणार? त्याच्याकडूनच दुसरी, कापडी, दोन चाकांची लांबडी बॅग घेतली, पावणेतीन किलोंची, दिसायला अगदी गरीब. ते बरंच झालं. तारकर्लीच्या सरांनी बजावलंच होतं, की डायव्हरचं चित्र असलेली झकपक बॅग घेऊ नका, आत महागाचं सामान आहे अशी ती स्वतःच दवंडी पिटते. कडक बॅग सासूबाईंनी ताब्यात घेतली. घराचा उतारा, पॉलिसी, पाटल्या आता तिच्यात असतात. पिवळी असली तरी पाणी आत जात नाही, हे त्यांनी बादलीत बुडवून पाहिलं आहे.

मध्ये तिकिटाचं एक झालं. नवऱ्यानं परतीचं विमान शेवटच्या डुबकीच्या संध्याकाळचंच काढलं होतं, “उगंच एक दिवस हॉटेलचं भाडं कशाला” म्हणून. मी त्यांना सोड्याच्या बाटलीचं उदाहरण दिलं. पाण्याखाली दाबामुळं अंगात नायट्रोजन मुरतो. तो हळूहळू बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो, म्हणून शेवटच्या डुबकीनंतर निदान १८ तास विमानात बसायचं नसतं. वर गेल्यावर हवेचा दाब उतरतो आणि बाटलीचं झाकण भसकन काढल्यासारखं होतं. त्यांनी गुपचूप तारीख बदलली. जादा पैशांचा उल्लेख मात्र पुढं दर जेवणात होत राहिला. त्यांना मी हेही सांगितलं, की तो दिवस वेटसूट वाळवायला लागतोच. ओला वेटसूट म्हणजे भिजलेली गोधडी. तो पंधरा किलोंत बसवायचा तर मला तिथं सोडून यावं लागेल. ते जरा वेळ गप्प बसले. विचार करत असावेत.

आता रचना अशी ठरली. रेग्युलेटर, मास्क आणि खोली आणि वेळ मोजणारा मनगटावरचा डाइव्ह काँप्युटर हातातल्या पिशवीत, कारण बाकी काही हरवलं तर भाड्यानं मिळेल, पण उष्टं चालणार नाही. दोरी कापायचा छोटा चाकू खालच्या बॅगेत. फिन्स तिरके, त्यांच्यामध्ये बीसीडी, बीसीडीच्या पोटात कपडे, भोवती वेटसूट. अडतीचा काटा १४.२ म्हणाला. मामांनी मान डोलावली. सगळं इथंच थांबलं असतं तर बरं झालं असतं.

रात्री नऊला शेजारच्या काकू आल्या. त्यांची भाची अंदमानात दिली आहे. हातात भडंगाचं पुडकं. “वजन काहीच नाही गं, कुरमुरे तर असतात. आणि हे चिमूटभर बेदाणे.”

भडंगाला वजन नसतं हे खरं. भडंगाला घनफळ असतं. आणि काकूंची चिमूट अर्ध्या किलोची होती. पण सांगलीत राहून ‘नाही’ म्हणायची हिंमत माझ्यात नाही, पुराच्या वेळी याच काकूंच्या गच्चीवर आम्ही चार रात्री काढल्या आहेत. मी पुडकं फोडून दोन छोट्या पिशव्या केल्या आणि फिन्सच्या पावलांत एकेक सारली. बेदाणे गेले उजव्या बुटात. त्याच बुटात मी आदल्या दिवशी टॉर्चच्या दोन जादा बॅटऱ्या ठेवल्या होत्या, ‘नंतर हातातल्या पिशवीत घालू’ म्हणून. बेदाण्यांनी त्यांना प्रेमानं पोटात घेतलं.

पुण्याच्या विमानतळावर हातातल्या पिशवीचं लवकर निभावलं. एक्स-रेमधले पाईप बघून जवानानं “ये क्या है?” विचारलं, मी बोंडूक तोंडात धरून दाखवलं. “पानी के नीचे?” तो म्हणाला. “क्यों?” रांग मागं खोळंबली होती, नाहीतर मलाही त्यावर बसून विचार करायचा होता.

गेटपाशी मी बसले न बसले तोच माझं नाव पुकारलं. चेक-इन बॅगेत बॅटरी दिसते आहे, समोर येऊन उघडा. सुट्या लिथियम बॅटऱ्या खालच्या बॅगेत चालत नाहीत, त्या टोकांना चिकटपट्टी लावून हातातच न्यायच्या असतात, हे मी स्वतः तीन जणींना शिकवलेलं.

“कहाँ है बैटरी?”

“बुटात.”

बूट उलटा केला. टेबलावर तासगावचे बेदाणे घरंगळले, अर्धा किलो, सोनेरी. त्यांच्यातून दोन बॅटऱ्या. तोवर दुसऱ्या गृहस्थांनी फिन ओढून काढला होता आणि पिशवी फाटली. लसणाचा जो वास सुटला, त्यानं पलीकडच्या टेबलावरचे लोकही इकडं बघायला लागले. त्यांनी दोन बोटांत एक कुरमुरा धरला, दिव्याकडं धरून बघितला.

“ये पानी के नीचे खाते हैं?”

मी हो म्हणाले. नाही म्हणून सगळं समजावत बसले असते तर विमान गेलं असतं. मग भडंग माझ्या ओढणीत बांधलं, बॅटऱ्या पिशवीत टाकल्या, आणि चेन्नईपर्यंत माझ्या शेजारच्या प्रवाशानं एकदाही खिडकीबाहेर पाहिलं नाही, तो ओढणीकडंच पाहत होता. शेवटी मूठभर दिलं. भाचीला बेदाणे पूर्ण पोचले, भडंग चव घेण्यापुरतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्वराज द्वीपाजवळ बोटीवर मी तयार झाले. ग्रॅमग्रॅम वाचवत, टूथपेस्ट अर्धी पिळून, कंगव्याचं दांडकं मोडून मी इथवर आले होते. तिथल्या पोरानं माझ्याकडं एक नजर टाकली, कोपऱ्यातून शिशाचे ठोकळे उचलले आणि पट्ट्यात ओवून माझ्या कमरेला बांधले, मी वरच तरंगत राहू नये म्हणून. सहा किलो. फुकट.

“कम लगा तो और देंगे,” तो म्हणाला.

खाली बारा मीटरवर निळं, शांत, सुंदर होतं. पुढं इन्स्ट्रक्टर. मी पाय मारले, आणि माझ्या उजव्या फिनमधून काहीतरी सुटलं. एक कुरमुरा. माझ्या बुडबुड्यांच्या शेजारून तो डुलत डुलत वर निघाला. मागोमाग दुसरा. एक पिवळा पट्ट्यांचा मासा थांबून बघायला लागला. इन्स्ट्रक्टर वळला, त्यानं कुरमुऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पंजा आडवा हलवून खूण केली: काही बिघडलंय का?

डायव्हिंगमध्ये हवेला खूण आहे, शार्कला आहे, कान दुखण्याला आहे. भडंगाला नाही. मी अंगठा आणि तर्जनी जोडून ‘सगळं ठीक’ दाखवलं, तोवर तिसरा निघाला होता.