माले काय कमी शे?

जय ख्रिस्त मंडळी. आज उपासनेवरून डोकं तापवूनच आलोय. गावी आलो होतो, म्हटलं मायबरोबर बसू. तर बाहेरगावचे पाहुणे उपदेशक, पांढरी मोठी गाडी, मागच्या काचेवर बायबलमधलं वचन, फिलिप्पै ४:१३, सगळं शक्य आहे म्हणे. आणि उपदेश काय, तर राजाच्या लेकरांनी पायी का फिरावं, घरात पैसा टिकत नसेल तर विश्वासातच खोट आहे. दुसऱ्या ओळीत माझी माय बसलेली. पायी आलेली!

अरे भाऊ, त्याच्या आधीचं एक वचन वाच ना. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल सांगतो, भरल्यापोटी राहायला शिकलो, उपाशी राहायलाही शिकलो. तेही कैदेत असताना. त्याला शक्य झालं ते हे. गाडी नाही.

बाप गेल्यावर मायने चोपड्याकडे लोकांच्या शेतात कापूस वेचला, किलोवर मजुरी. सुक्या बोंडांची टोकं लागून बोटं फाटायची, रात्री त्यावर खोबरेल चोळत हिशोब करायची, शंभरातले दहा देवाचे म्हणून पदराच्या टोकाला गाठ मारून बाजूला. एका नाताळला मला नवी पँट हवी होती, म्हटलं त्या गाठीतलं दे. "आपलं नही शे ते." मग आपलं आहे तरी काय, मी ओरडलो. ती हसली, "माले काय कमी शे?" आणि चुलीत वांगं भाजायला टाकलं.

तेव्हा भयंकर राग आला होता, खोटं कशाला बोलू. आज जळगावात टू-बीएचके आहे, गाडी आहे, आणि रात्री अडीचला जाग येते ती हप्त्याच्या तारखेने.

बरं, पैसा लागतो, मान्य. मायच्या मोतीबिंदूला लागलाच, नुसत्या प्रार्थनेवर नाही सोडलं. पण जिने ती गाठ कधी स्वतःसाठी सोडली नाही तिचा विश्वास कमी? आज दानाच्या थैलीत चार घड्यांची चुरगळलेली नोट पडली ना साहेब, ती त्याच पदरातली.

घरी येऊन सगळं मायपुढे ओकलो. ती शांतपणे म्हणे, "त्याना आवाज चांगला शे." मग भाकरी थापता थापता, "जेवना का तो?"

आता भरीत आणि कळण्याची भाकरी बांधून मला पाळकांच्या घरी पिटाळलंय, पाहुणे तिथेच उतरलेत. त्या गाडीमागे उभा राहून हे टाइप करतोय. डबा अजून गरम आहे आणि मला काही आत जाववत नाही.